चादर केलेल्यांनो, नदी वरूनच बघा

एप्रिल लागला की एडमंटनमधल्या आमच्या मराठी कंपूत एकच प्रश्न फिरतो, "नदी फुटली का रे?" शहराच्या मधोमध नॉर्थ सॅस्कॅचवान वाहते. हिवाळाभर गोठलेली असते. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि त्यांवरून जाणाऱ्या ट्रेल्स. वीकांताला थर्मासमध्ये चहा भरायचा आणि वर उभं राहून बर्फ जाताना बघायचा. आधी बर्फ करडा पडतो, मग काठाशी पाण्याची काळी पट्टी दिसायला लागते, आणि एखाद्या दुपारी अख्खा पत्रा हलतो! पुलाच्या खांबांवर तुकडे घासायला लागले की बडबडे लोकही गप्प होतात.

इथवर सगळं छान. पण गेल्या वर्षी कंपूतले दोघे ट्रेल सोडून खाली उतरले आणि फोटोसाठी सरळ बर्फावर गेले. का? तर "आम्ही चादर ट्रेक केलाय!" सुखरूप परत आले, फोटोही गाजला, आणि वर थांबलेला मी ठरलो फट्टू. म्हणून हा लेख.

मुद्दा पहिला. झंस्कारची चादर जानेवारी-फेब्रुवारीत करतात, कडाक्याच्या थंडीत. तिथे पुढे झंस्करी वाटाड्या काठी आपटून बर्फ तपासतो, तो "थांबा" म्हणाला की थांबायचं. तुम्ही त्याच्या अनुभवावर चाललात राव, स्वतःच्या नव्हे! इथे एप्रिलमध्ये ना ती थंडी, ना तो वाटाड्या.

मुद्दा दुसरा. "पण बर्फ चांगला जाड दिसत होता." आपण इंजिनीयर ना? मग नुसत्या जाडीवर ताकद ठरवू नका. वसंतातलं ऊन बर्फात आत शिरतं आणि त्याचे स्फटिक एकमेकांपासून सुटे करतं. अर्धा मीटर जाड थर म्हणजे मग उभ्या मेणबत्त्यांचं जुडगं, पाय पडला की विस्कटणारं. शिवाय खालून प्रवाह बर्फ खातो, तोही सगळीकडे सारखा नाही. त्यात वरच्या अंगाला बिगहॉर्न आणि ब्राझो ही जलविद्युत धरणं. विजेच्या गरजेप्रमाणे पाणी सुटतं, पातळी वरखाली होते आणि काठाजवळ बर्फाला तडे जातात.

मुद्दा तिसरा, "बर्फावर जात नाही, नुसतं काठाशी उभं राहतो." एक मीटर लांब-रुंद आणि अर्धा मीटर जाड तुकड्याचं वजन साडेचारशे किलोच्या वर भरतं. असे हजारो तुकडे अडकले की काय होतं ते याच प्रांतातल्या फोर्ट मॅकमरेने एप्रिल २०२० मध्ये पाहिलं. अथाबास्का नदी उत्तरेकडे वाहते, म्हणजे वरचा भाग आधी सुटतो आणि पुढचा अजून गोठलेलाच असतो. तेव्हा सुमारे २५ किलोमीटर लांब बर्फाचा बांध तयार झाला, पाणी गावात शिरलं आणि जवळपास १३,००० लोकांना घरं सोडावी लागली. आपली नदी सहसा इतकी तापट नाही, मान्य. पण ती कधी उसळेल हे तुम्हाला फोनवर कळणार आहे का?

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेव्हा याच कंपूत चर्चा झाली होती, "पाणी अचानक वाढतं हे लोकांना कळत कसं नाही?" बोलणाऱ्यांत हे दोघेही होते. दुसऱ्याला अक्कल शिकवणं सोपं, आपल्या हातात कॅमेरा आला की सगळं विसरायला होतं.

साहसाला माझा विरोध नाही. पण साहसात धोका आपण पत्करतो. इथे तुम्ही पडलात तर त्या थंडगार पाण्यात उतरणार अग्निशमन दलाचा जवान. त्याने काय घोडं मारलंय तुमचं? दरवर्षी बर्फावर जाऊ नका म्हणून तो घसा कोरडा करतो, त्याला आपण "घाबरवतात साले" म्हणून हसायचं?

असो. यंदाही वर भेटू, चहा माझ्याकडून. खाली उतरणार असाल तर मात्र फोटो मी काढणार नाही. फोन तेव्हा ९११ लावायला मोकळा ठेवेन.