मांडीचा घेर आणि पट्ट्याचा दाब

नाशिकच्या एका सभेत परवा एका व्यायामप्रेमी सद्गृहस्थांनी असे प्रतिपादन केले की, मांडीला पट्टा आवळून, रक्ताचा प्रवाह रोखून हलक्या वजनाने करावयाच्या व्यायामात एकच दाब सर्वांसाठी मुकरर करावा. स्नायू तो स्नायू, देहाची मापे घेणे हे शिंप्याचे काम. श्रोत्यांनी माना डोलावल्या, सबब हा खुलासा.

या पद्धतीचे मर्मच त्यांनी जाणलेले नाही. जपानात योशिआकी सातो यांना १९६६ साली, धर्मविधीत गुडघे मुडपून दीर्घकाळ बसल्याने पोटऱ्या बधिर झाल्या असता, ही कल्पना सुचली. परतीच्या शिरांतील रक्त अडावे, परंतु धमनीतून येणारे रक्त पुरते थांबू नये, हे तिचे तत्त्व. आपल्या निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार ते जाणतो. गर्डलिंग करताना तो खोडाची वलयाकार साल तेवढी काढतो, म्हणजे पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे न उतरता घडांत राहते. ज्यातून पाणी वर चढते त्या आतल्या लाकडाला मात्र तो पाते लागू देत नाही, आणि त्यासाठी साल किती जाड हे आधी पाहतो. देहाचे याहून निराळे नाही. पट्ट्याचा दाब त्वचेपासून खोल जाताना उणावतो. मांडी जितकी जाड तितका धमनी मिटवण्यास दाब अधिक लागतो, आणि पट्टा जितका रुंद तितका कमी. तेव्हा जो आकडा पहिलवानाच्या मांडीत केवळ शिरा दाबील, तोच सडपातळ मुलीच्या मांडीत धमनी बंद करील. रिव्हा-रोच्ची यांच्या १८९६ च्या रक्तदाबमापकाचा पट्टा इतका अरुंद होता की आकडे फुगून येत, आणि पुढे तो रुंद करावा लागला. वैद्यकाने शतकापूर्वी मान्य केलेले सत्य व्यायामशाळेने आज नाकारावे, याचा मला संताप येतो.  

वजनाच्या काट्यावरून दाब ठरवावा, ही त्या सद्गृहस्थांची दुसरी सूचना. पण वजन देहात कोठे साठले आहे, हे काटा सांगत नाही.

करावयाचे ते एवढेच: मांडीचा वरचा घेर मोजावा, रक्तदाब पाहावा, रुंद पट्टा घ्यावा, आणि घोट्याजवळच्या धमनीचा नाद डॉप्लर यंत्राने ऐकत, तो लोपेपर्यंत दाब वाढवून त्या व्यक्तीचा पूर्णरोधाचा आकडा काढावा. व्यायाम त्याच्या ४० ते ८० टक्के दाबावर, आणि वजन एकदाच उचलता येईल अशा भाराच्या २० ते ३० टक्के. पट्टा बदलला की मोजणी पुन्हा.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका व्यायामशाळेत जाणाऱ्या माझ्या भाचीच्या मांडीला गेल्या महिन्यात शेजारच्या पहिलवानाचाच दाब लावला गेला. पाऊल पांढरे पडले तेव्हा तिने स्वतःच पट्टा सोडला. तिच्या मांडीचा घेर तेथे अद्याप कोणी विचारलेला नाही.