पॉम्पेई वर्म आणि आपली डेडलाईन

मंडळी, "समुद्रतळाशी ४०० अंशांच्या पाण्यात जीव मजेत राहतात, मग तुम्हाला थोडंसं प्रेशर का सोसत नाही?" अशा अर्थाची स्लाईड तुम्ही कधी ना कधी पाहिली असेलच. कुठल्या तरी फॉरवर्डमध्ये, नाहीतर ट्रेनिंगच्या नावाखाली वाया गेलेल्या एखाद्या दुपारी. माझा या स्लाईडवर जुना राग आहे. आज शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा तिचा निकाल लावूनच टाकतो.

आधी तिच्यात खरं काय ते. १९७७ साली 'अल्विन' पाणबुडीतून गॅलापागोसजवळ समुद्रतळाचे गरम झरे आणि त्यांच्याभोवतीची वस्ती पहिल्यांदा दिसली. १९७९ मध्ये पूर्व प्रशांत महासागरात काळा धूर ओकणारी धुराडी सापडली. त्यांतलं पाणी ३५० अंशांच्या आसपास आणि वरून अडीच किलोमीटर पाण्याचा दाब, म्हणून ते उकळत नाही. इथपर्यंत सगळं बरोबर.

पण त्या पाण्यात राहतं कोण? कोणीही नाही! प्राणी सोडाच, सूक्ष्मजीवांचा २००८ सालचा विक्रमसुद्धा १२२ अंशांचा आहे. भोवतीचा समुद्र जेमतेम २ अंशांचा. धुराड्यापासून थोडं बाजूला सरकलं की तापमान धाडकन खाली येतं. सगळी वस्ती आहे ती या उतारावर.

रिफ्टिया नावाचा दोन मीटरपर्यंत वाढणारा नळीकृमी घ्या. त्याला तोंड नाही, पोट नाही. शरीरात पाळलेले जीवाणू गंधकाच्या संयुगांपासून त्याचं अन्न बनवतात. हा गडी राहतो कुठे? गरम आणि थंड पाणी मिसळतं तिथे, कोमट पाण्यात. अटलांटिकमधली रिमिकॅरिस कोळंबी धुराड्यांना झुंडीने चिकटलेली दिसते, पण ३८ अंशांच्या आसपास मान टाकते. म्हणजे आपल्याला ताप आल्यावर अंग तापतं तेवढ्यावर! तिच्या पाठीवर प्रकाश टिपणारा एक अवयव असतो. गरम तोंडाचा मंद उजेड ओळखून लांब राहायला तो उपयोगी पडत असावा, असा अंदाज आहे.

आता स्लाईडचा हिरो, पॉम्पेई वर्म. गांडुळाचा लांबचा नातेवाईक. १९९८ मध्ये त्याच्या नळीत शेपटीकडे ८१ अंश मोजले गेले आणि डोक्याकडे २२. झालं, जगभर बोभाटा! पण ते तापमान नळीतलं होतं, जंताच्या अंगातलं नव्हे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे जंत समुद्रतळाचा दाब कायम ठेवून वर आणले आणि तापवून पाहिले. ४२ अंशांना जगले, ५० ते ५५ च्या टप्प्यात मेले.

कोणी म्हणेल, "अरे, पन्नासच्या जवळ म्हणजे काय कमी आहे का?" मुळीच नाही, प्राण्यांमध्ये हे अफाटच आहे. पण ते जिद्दीने जमलेलं नाही. त्याचं कोलॅजेन सुमारे ४५ अंशांपर्यंत टिकतं, रिफ्टियाचं २९ च्या आसपासच ढिलं पडतं. हा फरक असंख्य पिढ्यांच्या निवडीतून आलाय, एका क्वार्टरमध्ये नाही. शिवाय त्याला स्वतः बांधलेली नळी आहे, पाठीवर जीवाणूंची लोकर आहे, आणि डोकं थंड पाण्यात काढायची मोकळीक आहे.

आपल्याच धंद्यातलं बघा ना. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की रात्री दोनला फोनाफोनी होते. "मशीनने जरा सहनशीलता दाखवावी" असं तेव्हा कोणी म्हणत नाही. हा उपदेश फक्त माणसांसाठी राखीव.

माझा आक्षेप चुकीच्या आकड्यापुरता नाही. त्या आकड्याच्या जोरावर थकलेल्या माणसाला 'तूच कमी पडतोस' असं पटवलं जातं, आक्षेप त्याला आहे. विवरांवरचे प्राणी शिकवतात ते नेमकं उलटं: उष्णतेपासून अंतर राखा, आडोसा बांधा, सोबती धरा, आणि तापलं की सरका.

तेव्हा पुढच्या वेळी ती स्लाईड आली की हात वर करून एवढंच विचारा: "साहेब, तापमान नक्की कुठे मोजलंत? नळीत की जंतात?"