होडीवाल्याला घर कुणी दाखवायचं?

कोकणावर काही आपत्ती कोसळली की दुसऱ्या दिवशी पाहणी दौरे सुरू होतात आणि तिसऱ्या दिवशी कोकणी माणसाच्या चिवटपणाचं कौतुक. मला या कौतुकाचा मनस्वी कंटाळा आला आहे. एकदा चिवट म्हटलं की आमच्याकडे पाठ फिरवायला सगळे मोकळे. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. त्यातून आम्ही उठलो, याला आमच्या अंगच्या गुणांपेक्षा एक साधी गोष्ट कारणीभूत होती : कुठल्या दाराआड कोण राहतं, हे गल्लीतल्या कुणाला तरी माहीत होतं. टपाल खात्यात उभी हयात गेल्यामुळे असेल, पण मला या माहितीची किंमत मदतनिधीच्या आकड्यांपेक्षा जास्त वाटते.

त्या दिवसाचं थोडक्यात सांगते. आदल्या दिवसापासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या फुगलेल्या. कोयनेचं अवजल कोळकेवाडीतून वाशिष्ठीतच येणारं आणि खाली खाडीला भरती. पहाटे बाजारपेठेत पाणी शिरलं आणि बघता बघता चिंचनाका, मार्कंडी, खेंड असं पसरत गेलं. २६ जुलै २००५च्या पुराची खूण अनेकांनी भिंतीवर जपून ठेवली होती. त्या खुणेच्या वर माल चढवला की निर्धास्त, असा दुकानदारांचा हिशोब. या वेळी पाणी खूण ओलांडून वर गेलं. महामार्ग बंद, कोकण रेल्वे बंद, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. एनडीआरएफची पथकं निघाली होती, पण चिपळूणला पोचायचे रस्तेच पाण्याखाली होते. तोवर जे काही झालं ते होड्या, हवा भरलेल्या ट्यूब आणि दोरखंड घेऊन उतरलेल्या इथल्याच पोरांनी केलं.

आमच्या भागात पहिली होडी आली ती खाडीकडच्या माणसांची. पाण्याला न भिणारी माणसं, पण आमची गल्ली त्यांच्या ओळखीची नव्हती. आणि पुरात गल्ली ओळखू तरी कशी यावी? पाट्या बुडालेल्या, फाटकं बुडालेली, उरतात ती नुसती कौलं आणि वरचे मजले. होडीत पुढे बसला होता आमच्याकडे गॅसचे सिलिंडर पोचवणारा मुलगा. तो बोट दाखवत होता. "त्या कौलारू घरात आजी एकटी हाय. तिला ऐकू येत नाय, हाका मारून उपयोग नाय. कौलं काढून बघा." "मागच्या चाळीत बाळंतीण हाय, वरच्या खोलीत." मग मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघत, "काकी, तुमच्याकडे कुणाला दम्याचा त्रास हाय काय?" खांद्यावर सिलिंडर घेऊन तो प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत गेलेला. कुठे जिना अरुंद, कुठल्या दाराला आतून अडसर, कुठलं माणूस अंथरुणाला खिळलेलं, सगळं त्याला पाठ. आजी पोटमाळ्यावर सापडली, देवाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

आमच्या इमारतीच्या सूचना फलकावर सभासदांची यादी लावलेली होती, छान टाइप करून. तिच्यात फ्लॅटच्या मालकांची नावं होती. निम्मे मालक पुण्या-मुंबईत. प्रत्यक्ष राहणारे भाडेकरू, त्यांची लहान मुलं, तळमजल्यावरचं वॉचमनचं कुटुंब, यांच्यापैकी एकाचंही नाव त्या कागदावर नव्हतं.

पाणी ओसरलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. पुराचा गाळ ज्याने उपसलेला नाही त्याला त्याची कल्पना यायची नाही. ओला असतो तेव्हा तो फावड्यावरून निसटतो, दोन दिवस ऊन लागलं की दगड होतो, म्हणजे जे काही करायचं ते मधल्या वेळात. त्यात भिजलेल्या तांदळाचा आंबूस वास, दुकानांतल्या रॉकेल-रंगाचा वास, मेलेल्या जनावरांचा वास. रत्नागिरी, गुहागर, साताऱ्याकडून टेम्पो आले, माणसं आली, पोळ्या-भाजीची पाकिटं आली. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण टेम्पो येऊन थांबायचा तो मोठ्या रस्त्यावर. जे रस्त्यावर उभे राहू शकत होते त्यांना चार-चार वेळा बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या मिळाल्या. आतल्या बोळात अंगभर गाळाने माखलेल्या बाईला तिसऱ्या दिवशीही कोरडं लुगडं मिळालं नव्हतं. जुन्या कपड्यांचे तर ढीग पडले आणि शेवटी गाळातच गेले. हवी होती फावडी, घमेली, फिनेल, चटया आणि लेप्टोच्या गोळ्या.

हे सांगायला कुणीतरी लागतं. आमच्याकडे ते काम एका बचत गटाच्या बायकांनी केलं. दर महिन्याला पैसे गोळा करायचे म्हणून त्या घरोघर जायच्या, त्यामुळे कुठल्या घरात काय आहे आणि काय नाही हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी जुन्या कालनिर्णयच्या पानामागे यादी केली : इन्सुलिन घेणारे कोण, डायलिसिसवाला कोण, कुणाकडे तान्हं मूल, कुणाच्या घरी चूल पेटू शकते. फ्रीज बंद, म्हणून इन्सुलिनच्या बाटल्या एका घरी माठात ठेवल्या. टेम्पोवाल्यांना त्या सांगायच्या, "भाऊ, बिस्किटं पुरे. उद्या झाडू-फावडी आणा." आणि दुसऱ्या दिवशी ती येत. एरवी या गटाच्या बैठकीला मी स्वतः "पापड-लोणच्याची सभा" म्हणून नाकं मुरडणारी माणसं पाहिली आहेत.

आमच्या किराणा दुकानदाराचा किस्सा याहून वेगळा आहे. त्याची उधारीची वही भिजून लगदा झाली. महिनाअखेरीला देऊ, गणपतीला देऊ, असे किती घरांचे पैसे त्या वहीत. त्याने कपाळाला हात लावला होता. मग गिऱ्हाइकं यायला लागली. गाळ काढता काढता थांबून सांगायची, "माझे अकराशे होते हो." एक रिक्षावाला आपण होऊन सांगून गेला आणि वर म्हणाला, "आता नाहीत, पण लिहून ठेवा." सगळे आले असं मुळीच नाही, चांगली मोटार बाळगणारे दोघे अजून यायचे आहेत. पण नवी वही उभी राहिली ती या सांगण्यावर. त्या दुकानात उधारीच चालत नसती, सगळा व्यवहार मोबाइलवर ऑर्डर आणि दारात डिलिव्हरी असा असता, तर पुरानंतर त्या गल्लीत दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना काय लागले असते?

आता ज्याला आपण गावकी म्हणतो तिचं सगळंच गोड आहे असं कुणी समजू नये. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. २०२०च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दिवसांत, मुंबईहून चाकरमानी परतू लागले तेव्हा गावोगाव रस्त्यावर आडवे बांबू टाकले गेले. ज्यांच्या वर्गणीवर देवळाचा जीर्णोद्धार झाला, ज्यांच्या मनिऑर्डरी वर्षानुवर्षं माझ्यासारख्यांनी वाटपाला काढल्या, त्यांना वेशीवर थांबवून "कशाला आलात" असं विचारलं गेलं. पोरांना शाळेत ठेवलं, डबा लांबूनच सरकवला. भीती खरी होती, मी नाकारत नाही. पण बोलणी जिव्हारी लागली तीही खरीच. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडच्या बागा झोपल्या, माड आणि पोफळी मुळासकट आडव्या, घरांची छपरं उडालेली, वीज किती दिवस नव्हती ते विचारू नका. रस्ते मोकळे कुणी करायचे? गावात उरलेले बहुतेक साठीच्या पुढचे. शेवटी शाळेत कोंडलेली तीच पोरं कोयते-करवती घेऊन बाहेर पडली. आडवे टाकलेले बांबू त्यांनीच उचलले, कौलं चढवायला तेच वर गेले. त्यानंतर गावात क्वारंटाइनचा विषय कुणी काढला नाही.

मुंबईच्या गिरणगावात एकेकाळी गावाच्या नावाने खोल्या असत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी एकाच गावची माणसं, त्यांची खानावळ, त्यांची भिशी, त्यांचं भजन. १९८२चा संप फिसकटला तेव्हा कित्येक घरांना या खोल्यांनी आणि गावच्या भाताने जगवलं. ती व्यवस्था प्रेमापोटी जेवढी चालली तेवढीच गरजेपोटी. आज गरज संपल्यासारखी वाटते आणि माणसंही कमी झालीत. २००१मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांच्या जवळ होती. २०११च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्यभर माणसं वाढत असताना आमच्याकडे घटली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, याचा अर्थ पुरुष पोटापाण्यासाठी बाहेर. वाडीतल्या दहा घरांपैकी चार-पाच कुलूपबंद, उरलेल्यांत म्हातारे आणि बायका. आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करणाऱ्यांनी आधी हे दृश्य डोळ्यांसमोर आणावं.

आणि या उरलेल्या गावकीत सगळ्यांना जागा आहे का? मानपानावरून, पालखीवरून, आंतरजातीय लग्नावरून कुटुंबाला वाळीत टाकण्याचे प्रकार रत्नागिरी-रायगडात इतके झाले की त्यांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली आणि २०१६मध्ये राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. ज्या जिल्ह्यात १९३१मध्ये भागोजीशेठ कीरांनी पदरचे पैसे घालून सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभं केलं, त्याच जिल्ह्यात ही गत. वाडीने वाळीत टाकलेल्या घराकडे पुराच्या दिवशी होडी कोण नेणार? परराज्यातून आलेला बागेतला राखणदार, बांधकामावरचं कुटुंब, भाड्याने राहणारी नर्स यांची नावं कुणाच्या यादीत असतात? आपलेपणाला कुंपण असेल तर ते संकटात गळून पडतं अशी एक भाबडी समजूत आहे. कधी पडतं, कधी अधिक उंच होतं. मे २०२०ला आम्ही ते उंच झालेलं पाहिलं.

मला चिपळूणचा अभिमान वाटतो तो गाळ उपसल्याबद्दल कमी आणि त्यानंतरच्या गोष्टीबद्दल जास्त. पूर ओसरल्यावर लोक आपापल्या दुकानात परतले असते तर वाशिष्ठीतला गाळ तसाच राहिला असता. त्याऐवजी व्यापारी, वकील, डॉक्टर, रिक्षावाले असे सगळे चिपळूण बचाव समितीच्या नावाने एकत्र आले. २०२१च्या डिसेंबरात प्रांत कार्यालयासमोर साखळी उपोषणाला बसले, रोज नवी माणसं, पाळीपाळीने. नदीतला गाळ काढा, एवढंच म्हणणं. सरकारला ते काम हाती घ्यावं लागलं, शिव नदीच्या कामाला नाम फाउंडेशन आलं. पिठलं-भात वाटणारे हातच मांडवात बसले होते, हे मी पाहिलं आहे. एकमेकांना सावरायचं आणि मग एकत्र जाऊन जाबही विचारायचा, यातलं दुसरं नसेल तर पहिल्याचा फायदा फक्त सरकारला होतो. तिवरे धरणाचं उदाहरण समोर आहे. धरणाला गळती आहे असं तिथले लोक सांगत होते. २ जुलै २०१९च्या रात्री धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, माणसं गेली आणि राज्याचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. एका लहानशा वाडीची तक्रार कुणी मनावर घेत नाही. तीच तक्रार सगळ्या शहराने मांडवात बसून केली की खेकड्यांची गोष्ट सांगायला मंत्र्याला जरा जड जातं.

जाता जाता एक. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. २००५ला त्याची पुस्तकं भिजली, मध्ये २०१३ला त्याने साहित्य संमेलन भरवलं, २०२१ला पुस्तकं पुन्हा भिजली. तरी ते चालू आहे, कारण त्याला सभासद आहेत, कार्यकारिणी आहे, वार्षिक सभेत भांडणारी माणसं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पाठवून ही वीण तयार होत नाही. शिवाय पुरात पहिला जातो तो टॉवर.

म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकांना माझं सांगणं आहे. मे महिन्यात, आंबा उतरवून झाला की, आपल्या वाडीची किंवा इमारतीची यादी करा. मालकांची नको, राहणाऱ्यांची करा, भाडेकरू आणि कामगारांसकट. तिची एक प्रत उंचावरच्या घरात ठेवा आणि एक सिलिंडरवाल्याकडे किंवा पोस्टमनकडे. मंडळाच्या सभेला आजवर ज्यांना बोलावलं नाही त्यांना या वर्षी बोलवा. आणि वर्षातले अकरा महिने घर बंद ठेवणाऱ्या मुंबईकरांनो, तुमची एक किल्ली शेजारी देऊन ठेवा. पाणी चढतं तेव्हा तुमच्या रिकाम्या वरच्या मजल्यावर पंधरा माणसं सहज मावतात.