‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका



गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका जुन्या सभासदाच्या उसाला तोड आली. टोळी फडात उतरली, मुकादम बांधावर वाट बघत बसला, पण आप्पा काही आले नाहीत. (आम्ही त्यांना आप्पाच म्हणतो.) घरी जाऊन पाहिले तर खाटेवर बसलेले. म्हणाले, “पायाखाली जमीन आहे का कापूस, तेच कळंना.”

दुखणे दोन वर्षांचे होते. आधी दम लागू लागला, चेहरा पांढराफटक पडला, जीभ लाल आणि गुळगुळीत झाली. गावात सुई-सलाईन झाले, तालुक्याला लोहाच्या गोळ्या झाल्या. जो तो एकच सांगे : रक्त कमी आहे, वय झाले, ताकदीचे खा. मग तळपायाला मुंग्या आल्या. रात्री उसाला पाणी द्यायला गेले की बांधावरून तोल जाई. कुणी मणक्याचे म्हणाले, कुणी बाहेरचे बघायला सांगितले. शेवटी नांदेडला एका डॉक्टरने बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायला लावली आणि दुखण्याचे मूळ सापडले.

आमच्या मते घोटाळा इथेच आहे. रक्त कमी आहे हे डोळ्याची पापणी ओढून कुणीही सांगेल. का कमी आहे, हे दोन वर्षांत कुणी विचारले नाही, आणि आपणही विचारले नाही.

उसावरचा केवडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. युरिया कितीही टाका, पीक हिरवे होत नाही. जमिनीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून आपण हिराकस पानावर फवारतो. आप्पांच्या दुखण्याचे तसेच आहे. बी-१२ दुधात, अंड्यात, मटणात असते. ते आतड्यातून रक्तात जायला जठरातून सुटणारा एक घटक लागतो. या रोगात शरीर आपल्याच जठरावर उलटते आणि तो घटक तयार होणे बंद पडते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुळाची वाट बंद, म्हणून औषध सुईने द्यायचे. आधी जवळजवळ, नंतर ठराविक महिन्यांनी, बहुधा जन्मभर.

डॉक्टर याला पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणतात, म्हणजे घातक पांडुरोग. १९२६ पर्यंत तो खरोखरच घातक होता. त्या वर्षी अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी रोग्यांना रोज भरपूर काळीज खाऊ घालून उठवून बसवले. त्यांना व्हिपल यांच्यासह १९३४ चे नोबेल मिळाले. काळजातला तो गुण म्हणजे बी-१२, हे १९४८ साली कळले. आज औषध आहे आणि ते महागडेही नाही. माणूस अडतो तो उशिरामुळे.

आणखी एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. ल्युसी विल्स नावाच्या डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणीकामगार गरोदर बायांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बाया बऱ्या झाल्या. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज अंगणवाडीत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत तोच असतो. गरोदर बायांनी ती गोळी मुळीच बंद करू नये. पण बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत मज्जातंतू झिजतच राहतात. आप्पांना मुंग्या आल्या त्या गोळ्या चालू असतानाच.

सगळ्यांनाच आप्पांचा रोग असतो असे नाही. आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांच्या चमूने पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतील मध्यमवयीन पुरुष तपासले, तर सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघाले. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. दूध-ताक पोटात गेले तर थोडा आधार होतो, पण आपण चरवी डेअरीला घालतो आणि घरात कोरा चहा पितो! मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावे. साखर कारखान्याच्या सभासदांत साखरेच्या गोळ्या खाणारे किती, हे आम्ही सांगायला नको.

दम, पांढरेपणा आणि जोडीला पायाला मुंग्या असतील, तर बी-१२ तपासा असे स्पष्ट म्हणा. रक्त सुई घेण्याआधी द्या, नंतर आकडा फुगलेला येतो. मात्र चालताना तोल जात असेल तर अहवालासाठी उपचार अडवून ठेवू नये.

हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण हंगामात तोडीची चिठ्ठी हातात असताना हिंगोली काय आणि नांदेड काय, जाणार कोण? आप्पांची एक सुई अशीच चुकली. म्हणून संचालक मंडळाला आमची सूचना आहे : गाळप सुरू होण्यापूर्वी सभासदांसाठी आणि टोळीतल्या बायाबापड्यांसाठी रक्ततपासणीचा एक दिवस ठेवावा. कारखान्याच्या दवाखान्यात ही सुई ठेवावी. ज्यांना ती लागते त्यांची तारीख गट ऑफिसात, लागणीची नोंद ठेवतो तशी, वहीत ठेवावी. चिटबॉय उसाची तारीख सांगायला घरी जातोच, सुईचीही सांगेल. हा विषय आम्ही येत्या वार्षिक सभेत लेखी मांडणार आहोत.

आप्पांचे रक्त आता भरले आहे. तळपायाची जाणीव मात्र परत आलेली नाही. काठी टेकत फडापर्यंत येतात, पण पाणी द्यायला रात्री मुलगा जातो.