छपाईयंत्राची परीक्षा चातुर्मासात

मोठ्या रुंदीचा फोटो प्रिंटर घ्यायचे ठरले की स्टुडिओवाल्यापुढे आधी कंपनीची नमुना प्रिंट येते. काळा रंग गडद, त्वचेच्या छटा मऊ, आकाशाचा निळा कुठे तुटलेला नाही. त्या प्रिंटमध्ये फसवणूक काहीच नसते. एप्सनचा पी ७५७० आणि कॅननचा प्रो २१०० हे दोन्ही २४ इंची, बारा कार्ट्रिजचे. एचपीचा झेड ९ प्लस नऊ शायांचा. नवे यंत्र, ताजी शाई आणि थंड खोली मिळाली तर यांतला कोणताही उत्तमच छापतो, आणि म्हणूनच पहिल्या दिवसाच्या प्रिंटवरून निवड होऊ शकत नाही. पनवेलमध्ये या यंत्राची खरी किंमत आषाढी एकादशीनंतर कळते.

त्या दिवसापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. लग्नाच्या कामावर चालणाऱ्या स्टुडिओत मोठ्या प्रिंटची मागणी आटते आणि यंत्र बसून राहते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म घन कण द्रवात तरंगत असतात. यंत्र बसले की ते तळाशी जातात, नोझलच्या तोंडाशी सुकतात. मग हेड साफ करावे लागते, म्हणजे शाई ओढून मेंटेनन्स कार्ट्रिजमध्ये सोडून द्यायची. ही शाई कागदावर कधीच उतरत नाही, पण तिचे पैसे गेलेले असतात. समजा, २४ बाय ३६ इंचाच्या एका प्रिंटला यंत्राच्या नोंदीनुसार ७ मिलिलिटर शाई लागली आणि वर्षात अशा ३०० प्रिंट निघाल्या. हिशेब २,१०० मिलिलिटरचा झाला. विकत घेतलेली शाई मात्र ३,५०० मिलिलिटर भरली, तर पाचातले दोन भाग सफाईत गेले आणि एका प्रिंटचा शाईखर्च ७ नव्हे, जवळजवळ १२ मिलिलिटर ठरला. विक्रेत्याने सांगितलेल्या चौरस फुटाच्या दरात हा फरक दिसत नाही. म्हणून कोकणपट्टीत तेच यंत्र वापरणाऱ्या एखाद्याकडची जून ते ऑक्टोबरची शाईची नोंद मागावी, आणि ती मिळेपर्यंत सौदा थांबवावा.

हेडचा प्रश्न याच हिशेबातून सुटतो. एप्सनचे हेड पिझो पद्धतीचे: विजेच्या दाबाने स्फटिक वाकतो आणि थेंब बाहेर पडतो. ते दीर्घकाळ टिकावे अशाच बेताने बनवलेले असते, पण बदलायची वेळ आली तर इंजिनिअर बोलवावा लागतो आणि बिल मोठे येते. कॅनन आणि एचपी शाई क्षणभर तापवून थेंब उडवतात. ते हेड झिजते, मात्र मालक स्वतःच नवे बसवू शकतो. शिवाय कॅननमध्ये बंद पडलेल्या नोझलचे काम दुसरी नोझल उचलतात. थेंबावरच्या नियंत्रणात पिझो सरस, असे जाणकार सांगतात. रोज रोल संपवणाऱ्या लॅबच्या बाबतीत मला ते मान्य आहे. पण चार महिने मंदीत काढणाऱ्या पनवेलच्या दुकानाला दुकानातच बदलता येणारे हेड अधिक परवडते, असे माझे मत आहे. पावसाळ्यात छपाई चालू असताना वीज गेली तर हेड झाकले न जाता उघडेच राहते, हेही विसरू नये. यूपीएसचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

दमट हवेवर एसी लावला की झाले, असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. जुलैत इथली आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते, आणि रात्री दुकान बंद झाले की एसीही बंद होतो. सुती फाइन आर्ट कागद तेवढ्या वेळात ओल पितो, कडा उचलतात आणि दुसऱ्या दिवशी हेड त्यांना घासते. रोल काम संपताच पिशवीत बंद करून ठेवणे आणि खोलीत डीह्युमिडिफायर चालू ठेवणे, हा उपाय एसीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा. प्रिंटमधली ग्लायकॉलसारखी द्रव्येही या हवेत सावकाश उडतात. घाईने फ्रेम केली तर काचेच्या आतून धुकट थर धरतो, आणि गिऱ्हाईक दोष छपाईला देते. टिकाऊपणाचे आकडेही असेच तपासून घ्यावेत. अमेरिकेतील विल्हेम संस्थेच्या प्रसिद्ध चाचण्या २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता गृहीत धरतात. पनवेलच्या चाळीतली भिंत तशी नसते.

गिऱ्हाइकाला एवढे कळत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० वर काढलेल्या प्रिंट काही घरांत थोड्याच काळात नारिंगी पडल्या. हवेतला ओझोन सायन शाई खात होता. तक्रार प्रयोगशाळेतून आली नव्हती, ती वापरणाऱ्यांनीच केली. आपल्याकडे तर हार घातलेला आजोबांचा फोटो बैठकीत वीस-तीस वर्षे राहतो आणि त्याचा रंग घरातले सगळे रोज पाहतात. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: मुंबईची लॅब असताना यंत्र घ्यायचेच कशाला? पावसाळ्यातही आठवड्याला चार-पाच मोठ्या प्रिंटचे काम नसेल, तर घेऊच नये. पण पाच वर्षांनी त्याच फोटोची दुसरी प्रत मागायला येणारी घरे ज्या स्टुडिओकडे आहेत, त्याला कागदाचे आयसीसी प्रोफाइल, शाईचा संच आणि छपाईची नोंद स्वतःच्या हाती हवी. लॅब मधल्या काळात कागद बदलते, यंत्र बदलते, आणि पहिल्या प्रतीशी दुसरी जुळत नाही. अशा स्टुडिओने प्रिंटर जरूर घ्यावा, आणि शक्य असेल तर जुलैत घ्यावा. वॉरंटीचे पहिले महिने पावसात गेले तर दोष कंपनीच्या खर्चाने उघडे पडतात.