ठाकरांनीच डोंगर पाडला म्हणे!

कर्जतला परवा एका विद्वानांनी निकाल देऊन टाकला: आपले खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणे ही रानटी माणसाची खोड. तो भुताळी शोधतो, आपण कारणे शोधतो. शाळा वाढल्या की खोड जाईल. टाळ्याही पडल्या.

पण बायबलातला प्रमुख याजक बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्या लोकांची पापे त्याच्यावर घालतो आणि त्याला रानात धाडतो. तो काही अडाणी नव्हता, आणि बोकडाने काही केलेले नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होते. नागपूरकर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवून जाळतात. रोगराई तिनेच आणली, असे कोणी म्हणत नाही. रोगराई जावी म्हणून मरीआईचा गाडा शिवेपार ढकलत, तेव्हा पुढच्या गावाची पंचाईत होई, पण गाड्यावर खटला भरत नसत. भुताळी ठरवून बायकांना छळतात हे खरेच. ते रोखायला २०१३ साली कायदा करावा लागला.

आता शिकलेल्यांकडे येऊ. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे बेपत्ता असताना शोध थांबला. यंत्रे वर चढेनात म्हणून माणसे हातांनी चिखल उपसत होती, तेव्हा खाली पंचनामा तयार होता: हे ठाकर तिथे राहिलेच कशाला? झाडे यांनीच तोडली असणार! दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, हे सरकारनेच विधानसभेत सांगितले. ज्या धोक्याची नोंद सरकारदरबारी नाही, तो ठाकराने ओळखून घर मोडायचे होते. केवढा हा विश्वास त्याच्या भूगर्भज्ञानावर!

हा वाद जुनाच. डोंगर उघडे पडले तेव्हाही कातकऱ्याची कुऱ्हाड तेवढी दिसली; कोळशाच्या भट्ट्या लावणारा ठेकेदार आणि तो कोळसा जाळणारी मुंबई दिसली नाही. यावरून मी पूर्वीही भांडलो आहे, पुन्हा भांडेन.

आणि नवी साधने आली म्हणून खोड जात नाही: २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले, ती अफवा मोबाइलवरून पसरली होती.

माझे म्हणणे थोडके आहे. या खोडीचे मूळ अज्ञानापेक्षा सोयीत आहे. प्राचीन ग्रीक नगरांतही संकट टळावे म्हणून वेशीबाहेर हाकलायला कंगाल, कुरूप माणूस निवडत; सावकार नव्हे. उलट बोलणार नाही तोच निवडला जातो. इरशाळवाडी वगळून दरडप्रवण गावांची यादी करणारा टेबलामागे बसलेला होता. त्याचे नाव विद्वानांच्या भाषणातही आले नाही.