मायना येतो, मजकूर येत नाही

आमच्या शाळांतून मराठीच्या विषयात पत्रलेखन शिकविले जाते, त्याचे औपचारिक व अनौपचारिक असे दोन भाग पाडले जातात, आणि परीक्षेत त्यास गुणही ठेवलेले असतात. एवढ्यावरून मुलांस पत्र लिहिता येते असे कोणी समजेल तर तो भ्रम होय. तारीख कोठे घालावी, 'प्रति' कोठे लिहावे, 'आपला विश्वासू' कोठे यावे, हे विद्यार्थ्यास बिनचूक येते. परंतु मधला मजकूर मार्गदर्शक पुस्तकातून पाठ केलेला असतो. त्याच विद्यार्थ्याच्या आळीत चार दिवस नळास पाणी आले नाही, तर नगरपालिकेस चार ओळी लिहिण्यासाठी घरचे लोक दुसऱ्याचे दार ठोठावतात.

मायना निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. मराठी राज्याच्या पत्रव्यवहारात पदापदागणिक मायना ठरलेला असे. परंतु कुशलवृत्त आटोपून 'विशेष' हा शब्द आला की कामाचा मजकूर सुरू होई: कोण आले, किती आले, रसद किती उरली, हुकूम काय हवा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतचा इतिहास अशाच पत्रांतून उभा राहिला. ती पत्रे केवळ मायन्यांची असती, तर त्यांतून इतिहासकारास काय मिळाले असते?

व्यापारी वाचकांस या विषयाचे मोल रुपयांत सांगता येईल. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणतः 3 वर्षांच्या आत लावावा लागतो. परंतु ती मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने आपल्या सहीने लेखी कबुली दिली, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्याच्या 18 व्या कलमान्वये सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. 'दिवाळीनंतर देतो' हे तोंडी आश्वासन या कामी उपयोगी पडत नाही. बाकीची रक्कम व बिलाची तारीख स्पष्ट लिहून सहीचे उत्तर मागणारे पत्र ज्यास लिहिता येते, तो आपली उधारी जिवंत ठेवतो. ज्यास येत नाही, तो वहीकडे पाहत बसतो.

नागरिकाची गोष्ट याहून निराळी नाही. 2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने साध्या अर्जास मोठे सामर्थ्य दिले. माहिती का हवी, हे अर्जदारास सांगावे लागत नाही, आणि अधिकाऱ्यास सामान्यतः 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. परंतु 'आमचा रस्ता असा खराब का?' असा अर्ज केल्यास हाती काही लागत नाही, कारण हा कायदा दप्तरी असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही. अमुक रस्त्याच्या कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका व देयक यांच्या प्रती मागितल्या, तर त्या द्याव्या लागतात. परसत्तेच्या काळी अर्ज ही याचना होती. स्वराज्यात तो हक्क आहे. तथापि जो हक्क नेमक्या शब्दांत मागता येत नाही, तो कागदावरच राहतो.

घरगुती पत्रांचीही शाळेत अशीच आबाळ होते. अभिनंदनाचे ठराविक उद्गार लिहिले की ते पत्र पुरे झाले, असे मुलास वाटते. सावित्रीबाई फुले यांनी 1877 च्या दुष्काळात जुन्नर भागातून जोतीरावांस लिहिलेले पत्र शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावे. पत्र पत्नीने पतीस लिहिलेले आहे. पण लोकांची दैना व चाललेले मदतकार्य त्यात समक्ष दिसते. जिव्हाळा आणि तपशील हे परस्परांचे वैरी नाहीत, हे त्यावरून कळेल.

कोणी म्हणेल, दूरध्वनी आला, निरोप क्षणात पोहोचतात, आणि आता तर यंत्रही पत्र लिहून देते. यंत्र मायना देईल, भाषाही गोंडस देईल. परंतु काय घडले, कोणत्या दिवशी घडले आणि आपणांस नेमके काय हवे, हे लिहिणाऱ्यानेच सांगावयाचे असते. ते ज्यास सांगता येत नाही, तो समोर येईल त्या मजकुराखाली सही करील.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून निदान एक खरे पत्र खऱ्या कार्यालयास व एक खरे पत्र आप्तास लिहावे, ते पाठवावे, कार्यालयाच्या पत्राची पोच घ्यावी, आणि आलेल्या उत्तराची, अथवा न आलेल्या उत्तराची, वर्गात चर्चा व्हावी. परीक्षकांनी मायन्यास थोडे आणि मजकुराच्या नेमकेपणास अधिक गुण द्यावेत. यास नवा निधी नको की नवे खाते नको. शिक्षकांची इच्छा आणि पालकांचा आग्रह एवढेच पुरे. आपल्या पेढीवरचे एखादे पत्र उद्या आपल्या मुलाकडून लिहवून घ्यावे, म्हणजे आमच्या म्हणण्यात अतिशयोक्ती किती आहे, हे वाचकांस आपोआप कळून येईल.